सगळ्यात लहान आकडा

१० जून २०२४

सरकारी डायरी वेगळी. तिला निळा पुठ्ठा, आणि तिच्यात गरोदर बायका, लसीची पोरं, कोणाच्या घरी ताप. ही माझी. दामिनीच्या अकरावीच्या वहीची मागची पानं कोरी होती, ती मी लाटली. पौर्णिमा, आशा वर्कर, याच गावात चौदा वर्षं. नाव लिहून ठेवलं, म्हणजे वही ज्याला सापडेल त्याने परत आणून द्यावी. वाचू नये.

वही धरायचं कारण, आजपासून नवीन काम लागलं. गावातल्या तिशीवरच्या प्रत्येक माणसाचं बीपी आणि शुगर मोजायचं. दोनशे सदतीस माणसं. मोबाइलमध्ये अ‍ॅप, पिशवीत मशीन. हे काम खरं तर करिश्मा मॅडमचं, त्या उपकेंद्राच्या आरोग्य अधिकारी. पण मॅडम एकट्या, गावं पाच, करार दरवर्षी नवा. म्हणून मशीन माझ्या गळ्यात.

घरी आल्यावर मशीन दाखवलं. शेखर म्हणाला, "आता तू डॉक्टरीण झाली म्हना की. मंग आमचं पानी कोन भरन?" शेखर म्हणजे दामिनीचे बाबा. तोंडाने मी नाव घेत नाही, वहीत घेणार, आणि एकेरीत घेणार. चोवीस वर्षांच्या संसारात एवढी मोकळीक पाहिजे.

१४ जून

मॅडमनी शिकवलं. पहिला आकडा घाबरल्याचा असतो. माणसाला पाच मिनिटं बसवा, मग दुसरा घ्या, तोच लिहा. वरचा आकडा एकशे चाळीसच्या आत असला की नाव हिरवं. एकशे चाळीस गेला की लाल. लाल माणसाकडे दर महिन्याला जायचं, गोळी द्यायची, हिरवा होईपर्यंत.

मी विचारलं, "मॅडम, किडनीचं काय? आमच्या एका गल्लीत तीन माणसं किडनीनं गेली. खाऱ्या पाण्याचा सारा खारपानपट्टा असाच आहे."

मॅडमनी फॉर्म खालपासून वरपर्यंत पाहिला. बीपी, शुगर, तोंडाचा कॅन्सर, बायकांचे दोन. म्हणाल्या, "त्याचा रकानाच नाही ताई."

२२ जून

आज घरापासून सुरुवात केली. शेखर पाणी सोडून आला होता. तो पंचायतीचा पाणी सोडणारा. धरणाचं गोड पाणी आमच्या नळाला आठ-दहा दिवसांनी येतं, त्याचा वॉल याच्या हातात. मधले दिवस हापशीचं खारं. गोड पाणी जपून ठेवायचं, ते पाहुण्यांना, चहाला आणि डाळ शिजायला. खाऱ्यात डाळ शिजत नाही. आपण मात्र खारंच प्यायचं, अशी इथली रीत. आरोचं मशीन दोन वर्षांपासून बंद आहे. गाव पाण्यासाठी ज्याच्या तोंडाकडे पाहतं, तो शेखर स्वतः हापशीचं पितो. म्हणतो, "गोड पानी मले पचत नाई, तोंडात पावसाच्या पाघोयाचं पानी धरल्यासारखं लागते."

पट्टा बांधला. एकशे अडुसष्ट, खाली एकशे दोन. मला हसूच आलं. पाच मिनिटं बसवलं, एकशे चोपन्न. मग आडवा केला, डोळे मिटायला लावले, पंखा लावला. एकशे अडतीस. तेवढं लिहिलं.

"पास झालो का नाई?"

"काठावर."

"आमच्या खानदानात काठावर पास होनंच लय झालं."

मग शेजारी गेले. गोवर्धनभाऊ शेततळ्याच्या भरवशावर भाजीचा मळा करतात, नवरा-बायको दोघंच खपतात. भाऊंचं एकशे शहात्तर आलं. ते उठायलाच बघत होते. "आशाबाई, एकशे तीस लिव आन सोड. पालक सुकून राहिली." मी हात धरून बसवलं. पाचव्यांदा एकशे एकोणचाळीस आलं. माणिकबाई ओट्यावरून म्हणाली, "पौर्णिमाचा हातच थंड हाय, हात लावला का बीपी उतरते." मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

५ जुलै

लाल झालेली माणसं एकतीस. गोळ्या आल्या अकरा माणसांच्या, त्याही पंधरा दिवसांच्या. वाटल्या. मग पाहते तर गावाने आपला हिशोब लावलेला. एकीने आपली गोळी विळीवर अर्धी करून जावेला दिली. एकाने एकाआड एक दिवस घेतली, म्हणजे महिना पुरेल. एका म्हाताऱ्याने पोळ्याच्या दिवशी घ्यायच्या म्हणून ठेवून दिल्या, बैलासमोर चक्कर यायला नको.

मॅडमला म्हटलं, गोळ्या कधी? मॅडम म्हणाल्या, "वरूनच नाहीत." मग त्यांनी मोबाइल दाखवला. तालुक्याच्या ग्रुपवर रोज संध्याकाळी यादी पडते, कोणत्या गावात किती लाल, किती लाल हिरवे झाले. आमचं गाव तळाला. त्याखाली तालुक्याच्या साहेबांचा अंगठा खाली केलेला.

म्हणून मी ठरवलं. गोळी नाही तर माणसाला लाल करून काय मिळतं? तो घाबरतो, मला शिव्या घालतो, रात्रभर जागतो आणि बीपी आणखी वाढतं. बसवून, निजवून, गप्पा मारून जो सगळ्यात लहान आकडा येतो तो लिहायचा. मशीननेच दाखवलेला असतो, मी मनाने घालत नाही. यात पाप नाही असं मला वाटतं.

१९ जुलै

चिखलात उभं राहून राहून शेखरचे पाय सुजले आहेत. बुटात जात नाहीत, चपलेवर फिरतो. रात्री तेल लावून दिलं. बोटांचे खड्डे पडले आणि बराच वेळ तसेच राहिले, त्याला गंमत वाटली. दामिनीला बोलावून दाखवलं, "पाय हाय का कनकीचा गोया?" कंबर दुखते म्हणून मेडिकलवरची गोळी रोज घेतो. ती गुणकारी आहे, अर्ध्या तासात माणूस उभा होतो. मीच आणून देते.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला तालुक्याचे साहेब आमच्या गावात आले! तपासणी शंभर टक्के, लाल फक्त चार. सरपंचांनी शाल दिली. साहेब माइकवर म्हणाले, "या ताईंकडून बाकीच्यांनी शिकावं." चौदा वर्षांत माझं नाव माइकवर पहिल्यांदा आलं. गोवर्धनभाऊंनी जोरात टाळ्या वाजवल्या. त्यांचा चेहरा हल्ली भरला आहे, गालावर तेज आलं आहे. माणिकबाईला म्हटलं, काय खाऊ घालता? ती म्हणाली, "काई नाई वं, भाकर बी अर्धीच खातात आजकाल."

११ सप्टेंबर

महालक्ष्म्यांचं जेवण. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी, कढी. स्वयंपाक सगळा गोड पाण्यात, शेखरने देवीसाठी रात्री अकराला वॉल सोडला होता. आणि पानावर बसून म्हणतो काय, "मले वास सहन नाई होत." दोन घास घेतले आणि उठून मागच्या दारी ओकला. सवाष्णी बघत होत्या. मला इतका राग आला की मी रात्री बोलले नाही. वर्षाचा सण, पहाटे तीनपासून मी चुलीपुढे, आणि याला वास!

अंगाला खाज सुटते म्हणतो. साबण बदलला.

९ ऑक्टोबर

तालुक्यात किडनी तपासायची गाडी येणार. रक्त तिथेच तपासतात, डॉक्टर सोबत, औषधं सोबत. खारपाणपट्ट्यातली दहा गावं घेतली. यादी आली, त्यात आमचं गाव नाही.

मी थेट मॅडमकडे गेले. म्हटलं, एका गल्लीत तीन माणसं गेली, आणि आम्ही नाही? मॅडमनी आवाज बारीक केला. "यादी अ‍ॅपवरून निघाली ताई. ज्या गावात लाल जास्त, तिथे गाडी. तुमचं गाव हिरवं आहे."

मॅडमनाही सगळं माहीत आहे, हे मला त्यांच्या बघण्यावरून कळलं. त्यांना मार्चमध्ये नवा करार पाहिजे. मला काय पाहिजे होतं? शाल?

घरी येईस्तोवर मी मनाला समजावलं. गाडी पुढच्या वर्षी परत येईल. आणि आमच्या गावात कोणाला तसं काही असतं तर दिसलं असतं.

२४ नोव्हेंबर

अंजनगावच्या बाजारात गोवर्धनभाऊ मेथीच्या गठ्ठ्यांवर कोसळले. लोकांना वाटलं ऊन लागलं. नोव्हेंबरात कसलं ऊन? पोरांनी गाडी करून अकोल्याला नेलं. दोन्ही किडन्या गेल्या. क्रिएटिनिन एकच्या आसपास पाहिजे, ते अकरा. रात्रीच डायलिसिसच्या मशीनवर घेतलं.

डॉक्टरांनी माणिकबाईला विचारलं, "बीपी किती वर्षांपासून?" ती म्हणाली, "बीपी नाईच त्याइले. आमच्या आशाबाईनं पाच येळा मोजलं." हे मला तिनेच फोनवर सांगितलं, अभिमानाने.

२७ नोव्हेंबर

शेखरला अकोल्याला नेलं. पाय, उलट्या, खाज, हे सगळं माझ्यासमोर चार महिने चाललं होतं आणि मी साबण बदलत होते. क्रिएटिनिन सात पॉइंट नऊ. रक्त सहा. बीपी एकशे ब्याण्णव, आणि तिथल्या सिस्टरने एकदाच मोजलं, दुसऱ्यांदा पट्टा लावलाच नाही.

डॉक्टर तरुण होते, चिडले नाहीत. कंबरेची गोळी रोज कोण देत होतं ते विचारलं. मी म्हटलं, मीच. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं, रोजच्या त्या गोळीनेही किडनी जाते, आणि वर्षभर आधी आला असता तर गोळ्यांवर पाच-सात वर्षं निघाली असती. आता महिना-दोन महिन्यांत डायलिसिस लागेल, कायमचं. नाव आत्ताच लावून ठेवा. योजनेत फुकट आहे, पण खुर्च्या सहा आणि माणसं बेचाळीस. शेखरचा नंबर सातवा.

येताना एसटीत शेखर खिडकीकडे तोंड करून बसला होता. मूर्तिजापूर गेल्यावर म्हणाला, "तू कावून रडून राहिली? मी त अजून बसलोच हावो." मला त्या मशीनचा, त्या अ‍ॅपचा आणि माझा स्वतःचा इतका संताप आला की पिशवी खिडकीतून फेकून द्यावीशी वाटली. फेकली नाही. आतलं मशीन सही करून घेतलेलं आहे.

८ डिसेंबर

मागचे आकडे दुरुस्त करायला बसले. अ‍ॅपमध्ये मागची तारीख उघडत नाही. एकदा लिहिलं ते लिहिलं.

मग दुसरा रस्ता धरला. परत घरोघर गेले आणि एकदाच मोजून जे येईल ते लिहिलं. कोणाला निजवलं नाही, पंखा लावला नाही. लोक म्हणू लागले, "काय वं पौर्णिमा, आज तुया हात गरम हाय." सहा दिवसांत अठ्ठावन्न लाल. माणिकबाई एकशे सत्तर. मी तिला खरा आकडा सांगितला. ती म्हणाली, "ह्याइच्या टेन्शननं असन."

गाडीची दुसरी फेरी जानेवारीत ठरणार आहे. अठ्ठावन्न लाल म्हटल्यावर आमचं गाव यादीत पहिलं लागेल.

२ जानेवारी २०२५

शेखरला श्वास लागला. दोनदा तातडीचं डायलिसिस झालं, मानेत नळी घालून. घरी सोडताना म्हणाले, असं तातडीचं पुन्हा पुन्हा होत नाही, कायमची खुर्ची मिळवा. नंबर आता तिसरा. चार नंबर कसे पुढे सरकले ते मी विचारलं नाही.

गोवर्धनभाऊंची खुर्ची मंगळवार-शुक्रवार आहे. ते मला म्हणाले, "शेखरले सांग, सुई दुखत नाई. चार घंटे टीव्ही पाहा लागते. तिथं एकच सिरीयल लावतात, तेवढंच दुखते."

९ जानेवारी

तालुक्याला बोलावणं आलं. साहेबांनी मोबाइल टेबलावर माझ्याकडे फिरवला.

"एका महिन्यात अख्खं गाव आजारी पडलं का?"

मी खरं सांगितलं. आधीचे आकडे कसे घेतले, का घेतले, गोळ्या नव्हत्या, ग्रुपवर अंगठा. मला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत. दार लोटून घेतलं. म्हणाले, "हे तुम्ही लिहून दिलं तर आधी तुम्ही जाल, मग मॅडम. माझी बदली होईल. गावाला काय मिळेल? गाडी? गाडीचं डिझेल मार्चपर्यंत आहे."

मग म्हणाले, "तुमच्या मिस्टरांचं कळलं. अकोल्यात माझी ओळख आहे. मी बोलतो खुर्चीसाठी. तुम्ही तेवढं गाव परत व्यवस्थित मोजा. पाच मिनिटं बसवून, नियमाप्रमाणे."

मी एक दिवस मागितला.

१० जानेवारी

दिवसभर विचार केला असं लिहिणार होते. तेही खोटं. मी साहेबांच्या दारातच ठरवलं होतं. शेखर रात्री बसून झोपतो, आडवा झाला की गुदमरतो. मी त्याच्या पाठीला उशी लावते आणि श्वास मोजते. गाव मोठं आहे. शेखर एकच आहे.

१८ जानेवारी

मोजलं. बसवलं, निजवलं, गप्पा मारल्या. कोणी काही विचारलं नाही, उलट खूश झाले. माणिकबाईला सात वेळा पट्टा लावला. एकशे बत्तीस. ती म्हणाली, "पाह्य, म्या म्हटलं होतं नं, टेन्शनचंच होतं." तिने मला वांगी दिली.

लाल पाच.

३० जानेवारी

गाडीची यादी आली. आमचं गाव नाही. साहेबांना फोन केला. "बोललोय, बोललोय," म्हणाले. मागे कोणीतरी हसत होतं.

शेखर आता वॉल सोडायला जात नाही. पंचायतीने दुसरा माणूस ठेवला. तो वेळेवर सोडतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी दीडला अकोल्याहून फोन. "शेखर यांचेच नातेवाईक ना? एक खुर्ची मोकळी झाली आहे. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळची पाळी. या शुक्रवारी आला नाहीत तर पुढच्याला देऊ." मी कणकेची परात बाजूला सारली. दामिनीला गळामिठी मारली. शेखरच्या कपाळावरून हात फिरवला, त्याच्या आईने कधी फिरवला असेल तसा. साहेबांना फोन लावून दोनदा थँक्यू म्हटलं. ते म्हणाले, "बघा, सांगितलं होतं ना." देवापुढे साखर ठेवली.

साडेपाचला गावात अ‍ॅम्ब्युलन्स शिरली आणि गोवर्धनभाऊंच्या घरासमोर थांबली. सकाळी मशीनवरच गेले. चार तासांतला दुसरा तास चालू होता.

मंगळवार-शुक्रवार. फोनवर ऐकतानाच मला कळायला पाहिजे होतं. मी साखर ठेवत होते.

१२ फेब्रुवारी

सकाळी अंत्यसंस्कार झाले. शेखर तिथपर्यंत चालू शकला नाही, ओट्यावरून तिरडी पाहिली. संध्याकाळी म्हणाला, "मी नाई जात."

"कुठं?"

"तिथं. गोवर्धनच्या खुर्चीवर मी नाई बसत. त्याचं अंग थंड बी नाई झालं अना मी त्याच्या जाग्यावर जाऊन टीव्ही पाहू?"

मी समजावलं, रागावले, पाया पडले. दामिनीने जेवण सोडलं. म्हणाला, "तुले समजत नाई का? मले त्याचं भेव नाई. लाज वाटते." मग भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. श्वास घेताना घरघर ऐकू येत होती. उद्याचा एक दिवस आहे, परवा शुक्रवार.

१३ फेब्रुवारी

तिसरा दिवस. माणिकबाईकडे बायका बसायला आल्या होत्या, त्या उठेपर्यंत मी थांबले. मग माणिकबाईजवळ सरकले आणि मला लाज नाही म्हणून जे मागायला गेले होते ते मागितलं. म्हटलं, "वैनी, तुमी एक शबद सांगा त्याइले. तुमचं ऐकतीन."

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता थोबाडीत देते. द्यायला पाहिजे होती. ती म्हणाली, "दवाखान्यातल्या पोऱ्यानं मले तवाच इचारलं होतं. म्हने तुमच्या गावचाच हाय पुढचा नंबर. म्या म्हटलं, शेखरभाऊ हाय तो, त्यालेच द्या." माझा मोबाइल घेतला आणि लावला. "भाऊ, माणिक बोलून राहिली. उद्या जाजा. खुर्ची कोनाची नसते. दामिनीचं पाहा लागते का नाई? जाजा, माही आन हाय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. बहुतेक शेखर रडत होता.

मी उठायला लागले तेव्हा तिने पाय लांब केले. दोन दिवस बसून आहे, तरी नुसत्या बसण्याने असे होत नाहीत. घोटा कुठे ते दिसत नव्हतं. पैंजणाची कडी मांसात रुतली होती. बोट दाबायची गरज नव्हती, मला आता ते लांबून ओळखू येतं.

"वैनी, पाय दाखवा नं. उद्या आमच्यासंगंच चला अकोल्याले. रक्त तपासून घेऊ."

"मले काय होते?" ती म्हणाली. "तूच त मोजलं, एकशे बत्तीस. तेरा दिवस घराबाहेर नाई जात म्या."

"वैनी, ते..."

"काय ते?"

दारात तिचा भाऊ उभा होता. आत तिची पोरं होती. मला वाटलं आता सांगावं, सगळं, पहिल्या दिवसापासून. मग वाटलं, हिने पुन्हा फोन लावला तर? भाऊ, जाऊ नोको, म्हटली तर? एकच शब्द बोलायचा होता, आणि त्याच्यावर शेखरचा शुक्रवार टांगला होता.

"काई नाई," मी म्हटलं. "तेरवी झाली का मंग पाहू."

ती म्हणाली, "तुया काय दोष बाई. तू त येऊन मोजत होती. बाकी कोन येते आमच्या घरी?"

१४ फेब्रुवारी

पहाटेच्या गाडीने गेलो. खुर्ची खिडकीजवळची आहे. शेखर बसला, हात पुढे केला, तोंड फिरवलं. टीव्ही चालू होता. सिस्टरने सांगितलं, पहिल्या दिवशी दोनच तास, उलटी झाली तर सांगा. झाली नाही. परत येताना थोडा लिंबू सोडा मागितला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याने काही मागितलं. मोजून दोन घोट दिले, जास्त चालत नाही.

घरी आलो तेव्हा माणिकबाईकडचं दार लोटलेलं होतं. तेरवी तेवीसला आहे. तोवर तिला उशीर झालेला असेल, हे मला माहीत आहे. तेरवीनंतरही मी सांगणार नाही, हेही माहीत आहे. मंगळवारी परत जायचं आहे.